उंबरे, डोकी आणि वाढ

शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर मी एका आजींना विचारले, "आजी, इथली वस्ती किती असेल?" आजी सुपात वरई पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आसतील पन्नासेक उंबरं. माझं लगीन झालं तवा ईसच व्हती." मी म्हटले, "आणि माणसं?" आता मात्र सूप थांबले. "मानसं कशी मोजायची? ती काय एका जाग्यावर ऱ्हातात?"

प्रश्न बिनतोड होता. परतीच्या एसटीत मी त्याचे उत्तर न शोधता 'उंबरा' धरून बसलो, हा माझा जुना खोडसाळपणा. उंबरा औदुंबराच्या लाकडाचा करीत, म्हणून उंबरा, असे सांगतात. ऐकायला बरे वाटते. पण ज्या झाडाखाली दत्ताच्या पादुका ठेवायच्या त्याचेच लाकूड पायाखाली कोण घालील? पालीत उंबरठ्याला 'उम्मार' असा शब्द सापडतो, संस्कृत कोशांत दाराच्या चौकटीच्या लाकडाला 'उंबर' आहे. तेव्हा झाड आणि चौकट हे दोन निराळे शब्द असून मराठीत येता येता एकमेकांत मिसळले असावेत. ते काही असो, गाव उंबऱ्यांनी मोजायची रीत मात्र शहापूर-मुरबाडकडे अजून जिवंत आहे. वर्गणी काढायची तर 'घरटी शंभर'. लग्नाचे आवतण द्यायचे तर 'चूलबंद', म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायला नको, सगळे या. तुम्ही किती जण आहात हे आम्ही विचारणार नाही. भाऊ वेगळे झाले की 'चूल वेगळी झाली'. मोजणीचे एकक म्हणजे दार, नाही तर चूल. डोके नाही.

सरकारी मराठीनेही आरंभी हेच केलेले दिसते. जनगणनेचा जुना शब्द खानेसुमारी. फारसी 'खाना' म्हणजे घर, 'शुमारी' म्हणजे मोजणी. जुन्या म्हैसूर संस्थानातही हाच शब्द चाले. कानडीत तो 'खानेषुमारी' झाला. उर्दूने मात्र 'मर्दुमशुमारी' पत्करली, मर्दुम म्हणजे माणसे. खुद्द आजच्या फारसीत जनगणनेला 'सरशुमारी' म्हणतात आणि तिथला 'सर' म्हणजे डोके. एकाच 'शुमारी'पुढे तीन शेजाऱ्यांनी तीन निरनिराळ्या वस्तू ठेवल्या, आणि आपण घर ठेवले. शब्द कारकुनांनी आणला हे खरे, पण उंबरे मोजणाऱ्या लोकांत तो परका वाटला नसावा.

या शुमारीतला 'शुमार' मराठीत शिरला आणि 'सुमार' झाला, तेव्हापासूनची त्याची चाल पाहण्यासारखी आहे. मूळ अर्थ काटेकोर मोजणी. त्याचे मराठीत झाले काय? 'सुमारे', म्हणजे नेमके मोजलेले नाही ते. 'संध्याकाळच्या सुमाराला', म्हणजे घड्याळ पाहिलेले नाही. 'बेसुमार', म्हणजे मोजता येत नाही इतके. आणि नुसते 'सुमार', म्हणजे बेताचे, यथातथा. मोजणीच्या शब्दाने मोजणी सोडून अंदाजाचे घर केले. यात मराठी माणसाचा आकड्यांविषयीचा अविश्वास बघावा की मोजणाऱ्यांचा अनुभव, हे ज्याचे त्याने ठरवावे. याहून मजेची गोष्ट अशी की 'शुमार'चा इराणी धातू आणि संस्कृत 'स्मृ' हे सख्खे भाऊ असावेत. इकडे 'स्म' राहिला, तिकडे 'श' आणि 'म' निराळे पडलेले दिसतात. म्हणजे सुमार आणि स्मरण एकाच घरातले. मोजणे ही मुळात आठवण्याची कृती: वाडीतली कोणकोणती माणसे आहेत, हे एकेक डोळ्यांपुढे आणणे. आजींनी पन्नास उंबरे सांगितले तेही आठवूनच.

शिरगणती हा शब्दही होता आणि आहे. त्यातले 'शिर' आणि फारसीतले 'सर' हेही एकाच वंशाचे. या 'सर'ने मराठीत सरदार दिला, सरकार दिले आणि गणिताच्या वर्गात 'सरासरी' दिली. फारसी 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपण तो सगळा पसारा सपाट करून मधला आकडा काढला. 'दरडोई' मधली डोई मात्र संस्कृतात सापडत नाही. डोई, डोके, डोसके ही सगळी मंडळी देशी दिसतात. आणि डोक्याचे मराठीत दोन धंदे आहेत. पंगतीत किती डोकी, तर माणसे किती; आणि डोके चालव, तर अक्कल चालव. हे दोन धंदे ध्यानात असू द्यावेत. पुढे एका अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा सगळा सिद्धांत याच श्लेषावर बसवायचा आहे, त्याला मराठी येत नसले तरी.

माणसे वाढली की भरभराट होते, की भरभराट झाली की माणसे वाढतात? जुन्या शब्दांना विचारले तर त्यांना हे दोन प्रश्न वेगळे वाटतच नाहीत. 'आबाद' घ्या. फारसीत आबाद म्हणजे वस्ती असलेले, लागवडीखालचे. हिंदीत 'आबादी' म्हणजे सरळ लोकसंख्या. मराठीत मात्र 'आबादीआबाद' म्हणजे सुबत्ता. माणसे आहेत तिथेच सुबत्ता, ओसाड गावात कसली? 'आब' म्हणजे पाणी, म्हणून पाणी तिथे आबादी, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. ती लोकव्युत्पत्तीच असावी, पण शहापूर तालुक्यात उभे राहून तिला खोटे म्हणायला जीभ रेटत नाही. ('मुरबाड' मध्ये 'आबाद' शोधायचा मोह मलाही झाला होता. शेवटचा 'ड' आडवा आला. ते 'वाट', 'वाड' म्हणजे कुंपणाची जागा, या बाजूचे असावे.)

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नवा मुलूख वसवण्याचे प्रकरण आहे. त्यात गाव केवढे असावे याचे माप दिले आहे ते शंभर ते पाचशे 'कुलां'चे. पुन्हा घरेच. मराठेशाहीतही ओसाड गाव वसवायचे झाले की कौल देऊन कुळे आणायची आणि इस्तावा पद्धतीने सारा वर्षावर्षाने चढवत न्यायचा. राज्याला जमिनीची टंचाई नव्हती, माणसांची होती. हे 'कुल' मराठीत दोन वाटांनी गेले. ऱ्हस्व 'कुल' कुलदैवत, कुलाचार घेऊन देवघरात बसले. दीर्घ 'कूळ' शेतावर राबायला गेले आणि दुसऱ्याची जमीन कसणारा असा अर्थ त्याला चिकटला. साऱ्याच्या वहीत एक घर म्हणजे एक नोंद, त्यातून हा अर्थ आला असावा. १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला, तेव्हा शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत कित्येक कुळे मालक झाली. शब्द मात्र गेला नाही. मालक झालेल्याचा नातूसुद्धा "आमची कुळाची जमीन" म्हणतो.

मोजणीचेच चालले आहे तर मुरबाडचा मान सोडून चालणार नाही. वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढले की वर सातवाहनांचे लेणे लागते. नागनिका राणीच्या तिथल्या लेखात भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी काही कोरलेले आहेत, एकेरीपासून हजारांपर्यंत. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांचे ते आकडे. दोन हजार वर्षांपूर्वी आकडा दगडात कोरावा इतकी मोजणी पक्की होती. पण त्या मोजणीत गाई आहेत, नाणी आहेत, घाट चढून येणारी माणसे नाहीत.

आता 'वाढ'. लोकसंख्येची ती वाढ, पोराची ती वाढ, भाताची ती वाढ, आणि पंगतीत बसलेला ओरडतो "वाढ!" तेव्हा तो काही वाढीविषयी बोलत नसतो. उगवणे-मोठे होणे आणि ताटात घालणे ही दोन्ही कामे एकाच क्रियापदाने करणारी भाषा मला दुसरी ठाऊक नाही. संस्कृत 'वृध्'पासून वाढ, वृद्धी, वृद्ध, वाढदिवस हे सगळे सरळ येतात. ताटातले वाढणेही त्याच घरचे, ताटातले अन्न वाढवणे म्हणून वाढणे, असे बहुतेक मानतात. पण मला एक दुसरी वाट खुणावते. धातुपाठात दहाव्या गणात एक निराळा 'वर्ध्' आहे आणि त्याचे अर्थ दिले आहेत छेदन आणि पूरण, म्हणजे कापणे आणि भरणे. लाकूड कापणारा तो 'वर्धकि'. त्यावरून हिंदीत बढई, आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे वाढई. या धातूतल्या 'भरणे'पासून ताट वाढणे निघाले असेल काय? आणि 'कापणे'पासून?

'कापणे'पासून काय, हे सांगायला भूमिपूजनाला जावे लागते. सरपंच दगडावर नारळ आपटतात आणि सगळे म्हणतात, नारळ वाढवला. बांगडी फुटली की ती वाढली. दिवा विझवायचा नसतो, वाढवायचा असतो. हे सगळे शुभभाषण, अमंगळ टाळण्यासाठी उलटा बोललेला शब्द, असे आपण शाळेपासून शिकतो आणि दिव्याच्या बाबतीत ते खरेही असावे. पण मनुस्मृतीत नवजात मुलाची नाळ कापण्याला 'नाभिवर्धन' म्हटले आहे. तिथे शुभभाषण मानायचे की तो कापण्याचा जुना 'वर्ध्' मानायचा? मला दुसरे अधिक पटते. आणि मग नारळ वाढवणे हेही त्याच जुन्या धातूचे, पुढे अर्थ विसरल्यावर शुभभाषणाच्या खात्यात जमा झालेले, असे म्हणता येईल. सिद्ध करता येणार नाही. पण मोठे होणे, ताट भरणे आणि तुकडे होणे हे तिन्ही एका अक्षरजोडीत नांदतात एवढे तरी खरे. मुरबाडच्या बाजूला भाताची खाचरे पाहा: आजोबाचे एक खाचर, मुलांचे तीन बांध, नातवांचे सात. घर वाढले, तशी जमीनही 'वाढली', नारळासारखी. तलाठी याला खातेफोड म्हणतो. सरकारी मराठीला शुभभाषणाचे वावडे दिसते.

'वृद्धी'चे तर आणखी अवघड आहे. घरात मूल जन्मले की भाऊबंदांना वृद्धी येते, म्हणजे सोयर, दहा दिवस देवपूजा बंद. जन्माचे अशौच ती वृद्धी आणि मरणाचे ते सुतक. गंमत अशी की 'सूतक' हा शब्द 'सू' म्हणजे प्रसवणे या धातूचा. मूळ अर्थ जन्माचेच अशौच. तो मरणाकडे सरकला आणि जन्माची रिकामी जागा वृद्धीने घेतली असावी. जन्म आणि मृत्यू यांची नोंदवही ठेवणारे हे दोन शब्द, आणि 'सोयरसुतक नसणे' म्हणजे कशाशीच संबंध नसणे. पाणिनीने आपल्या ग्रंथाचा आरंभच 'वृद्धि' या शब्दाने केला, खरे तर नेहमीचा क्रम मोडून; ते मंगलासाठी, असे पतंजली सांगतो. तोच शब्द सावकाराने उचलला तेव्हा व्याज झाला. चक्रवृद्धी आपण शाळेत शिकलो. 'वाढीदिढी' मात्र आदिवासी पाड्यांवर शिकावी लागली, पावसाळ्यात मणभर भात न्यायचे आणि सुगीला दीड मण घालायचे.

माल्थसने १७९८ साली जे मांडले ते याच शब्दांत सांगता येते: माणसे चक्रवृद्धीने वाढतात, धान्य सरळव्याजाने. त्याने तोंडे मोजली. "खाणारी तोंडं वाढली" हे आपल्याकडे माल्थस न वाचताही म्हणतात. एस्टर बोसरुप ही डॅनिश अर्थशास्त्रज्ञ १९५०च्या दशकाअखेरीस भारतात काम करून गेली आणि १९६५ साली तिने उलटी बाजू मांडली. माणसे दाटली की शेतीची तऱ्हा बदलते. जंगल जाळून दोन वर्षे पेरायचे आणि पुढे सरकायचे, हे सोडून लोक एकाच तुकड्यावर अधिक कष्ट घालू लागतात. तिने हात मोजले. शहापूर-मुरबाडच्या बोलीत याची दोन टोके तयार आहेत, 'दळी' आणि 'राब'. दळी म्हणजे डोंगरउतारावरची झाडे तोडून जाळायची आणि राखेत नाचणी, वरई टाकायची. राब म्हणजे वरकस रानातला पाला, फांद्या, शेण आणून भाताच्या रोपवाटिकेवर पसरायचे, मृगाआधी जाळायचे आणि तिथे रोपे करून खाचरांत लावणी करायची. जळणारे तेच, पण हात कितीतरी अधिक लागतात. 'राबणे' या क्रियापदाचे मूळ या राबात शोधावे असे फार वाटते. बोसरुपबाईंना हे उदाहरण आवडले असते, पण एक खोट आहे: इथली दळी माणसांच्या दाटीने मागे हटली नाही, जंगलखात्याच्या कायद्याने हटली. राबाच्या पाल्यावरूनही इतकी गाऱ्हाणी झाली की १८८५ साली मुंबई सरकारला ठाणे-कुलाब्यासाठी चौकशी आयोग नेमावा लागला.

आणि डोकी? ती अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमरने मोजली, १९९३ साली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: नवी कल्पना एकाच्या डोक्यात येते, पण वापरता सगळ्यांना येते, म्हणून डोकी जितकी जास्त तितके डोके जास्त. हे वाक्य मराठीतच नीट बसते. इतिहासातला बहुतेक काळ, लोकसंख्या मोठी तेव्हा तिच्या वाढीचा वेगही मोठा, असे त्याने आकड्यांनी दाखवले. वाढ वाढीलाच वाढते. हाच हिशेब १९६० साली हाइन्झ फॉन फोर्स्टर आणि त्याच्या सोबत्यांनी पुढे ओढला होता, तेव्हा समीकरणातून लोकसंख्या अनंत होण्याची तारीख निघाली: शुक्रवार, १३ नोव्हेंबर २०२६. अर्थातच थट्टेच्या सुरात. आपल्याकडे त्याला शब्द तयार होता, बेसुमार. पण समीकरणाला तसे वाटत असतानाच, १९६०च्या दशकात, जगाच्या वाढीचा दर दोन टक्क्यांच्या थोडा वर जाऊन उतरू लागला. प्रगती झाली, मुली शिकल्या, मुले जगू लागली, आणि लोकांनी कमी मुले होऊ दिली. १५ नोव्हेंबर २०२२ ला संयुक्त राष्ट्रांनी आठ अब्ज जाहीर केले. 'अब्ज' म्हणजे पाण्यात जन्मलेले, कमळ. शंभर कोटींना कमळ म्हणणारे आपले पूर्वज आकड्याला घाबरत नसावेत.

'प्रगती' हा शब्द या अर्थाने तसा कालचा. एकोणिसाव्या शतकात त्याचे काम 'सुधारणा' करीत असे; आगरकरांनी १८८८ साली पत्र काढले त्याचे नाव 'सुधारक'. इंग्रजी 'प्रोग्रेस' समोर ठेवून प्र-गती घडवली गेली असावी. नुसत्या 'गती'चा आधीचा संसार निराळाच: मेलेल्याला गती मिळते, हुशार पोराला गणितात गती असते, आणि "काय गत झाली बघ" यात तर नुसती अधोगती. पण मला या शब्दातली गंमत वाटते ती 'प्र'ची. प्र म्हणजे पुढे. 'जन्' धातूला प्र लावला की 'प्रजा', पुढे जन्मलेले, संतती. राजाची माणसे हा अर्थ मागून आलेला. 'गम्' धातूला प्र लावला की 'प्रगती'. लॅटिनमध्येही तीच जोडी आहे, 'प्रोजेनी' आणि 'प्रोग्रेस', आणि त्यांतली पहिली आपल्या प्रजेची सख्खी बहीण. शब्दांनी दोघींना एका दारात उभे केले. आधी कोण शिरली ते सांगितले नाही. क्रेमर म्हणेल प्रजा. शाळेत जाणाऱ्या मुलीची आई म्हणेल प्रगती.

डोकी जिथे दाटतात तिथे काय होते ते पाहायला इथून आसनगावला लोकल धरली की पुरे. १८७२ च्या पहिल्या जनगणनेत मुंबईत ६,४४,४०५ माणसे होती. त्यांना विहार-तुळशीचे पाणी पुरेना, म्हणून १८९२ साली शहापूर तालुक्यात तानसा अडवला. मग मोडकसागर, मग भातसा. २०११ साली मुंबईत १,२४,४२,३७३ माणसे झाली. शहापूर तालुक्यात ३,१४,१०३ आणि मुरबाडमध्ये १,९०,६५२. पाणी इकडून जाते, त्याच्या मागे डोकी जातात. धरणाच्या अंगणातले पाडे एप्रिल लागला की टँकरची वाट पाहतात. 'आब' आणि 'आबाद' यांचा संबंध व्युत्पत्तीने नाकारला, जलवाहिनीने सिद्ध केला. फक्त उलट दिशेने.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. तिचेही दोन टप्पे आहेत: आधी घरांची यादी, मग माणसांची मोजणी. आधी खानेसुमारी, मग शिरगणती. म्हणजे जुना शब्द गेला तरी क्रम राहिला. २०११ ची माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली होती. हे दिवस भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांच्या ऐन हंगामाचे. दिवाळीनंतर कातकऱ्यांची घरेच्या घरे उचल घेऊन तिकडे जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात.

त्या पाड्यावरून निघताना शेवटच्या चार घरांना कडी लावलेली दिसली. कुलूप नव्हते, कडीत नुसती काटकी खोवलेली. मी आजींना विचारले, हे लोक कुठे गेले? आजी म्हणाल्या, "जगाया गेल्यात."

'जग' हा 'जगत्', म्हणजे सतत हलणारे. तोही प्रगतीच्याच 'गम्' धातूचा. 'जगणे' त्यातूनच आले की आणखी कुठून, यावर मी महिनाभर कोश चाळतो आहे. उंबरे पन्नास धरले तर ती चार घरे त्यांत होती की नाही, हे विचारायचे मात्र राहून गेले.